रिकाम्या खोलीचा आवाज

जिन्यात मागून कोणीतरी म्हणालं, "जरा वाट देता का?" आणि त्याच्या हातातली किल्ली खाली पडली. वाक्य काय, रोज कोणीही कोणालाही म्हणावं असं. लिफ्ट बंद होती, जिना अरुंद होता, तो आपला खिशातून किल्ली काढत मधोमध उभा होता, तेव्हा मागच्या माणसानं वाट मागितली तर त्यात दचकण्यासारखं काही नव्हतं. पण "वाट" आणि "देता" यांच्यामध्ये त्या बाईनं श्वास घेतला होता. एवढ्याशा वाक्यात मध्येच कोणी श्वास घेत नाही. घेते ती एकच बाई, आणि तिचे असे श्वास तो गेला महिनाभर एकेक करून काढून टाकत होता. तो भिंतीला चिकटून उभा राहिला. बाई पुढं गेली. अंगावर फिकट निळे कपडे, हातात भाजीची पिशवी, मानेवर करड्या केसांची घट्ट गाठ. आभारासाठी तिनं मान किंचित हलवली, पण चेहरा काही त्याला दिसला नाही. दुसऱ्या मजल्यावर डावीकडच्या दारासमोर ती थांबली, कुलूप काढलं, आत गेली. ते दार कुठलं, हे साऱ्या इमारतीला माहीत होतं. गेले काही दिवस जिन्यात, गच्चीवर, दूध आणताना, सगळीकडं त्याच दाराची चर्चा चालली होती. वेड्यांच्या इस्पितळातून सुटून आलेली बाई तिथं भाड्यानं राहायला आली होती, आणि रविवारी संध्याकाळी खाली सभा घेऊन तिला घालवायचं जवळजवळ ठरलेलंच होतं. जवळजवळ म्हणायचं एवढ्याचसाठी, की सभा अजून व्हायची होती. त्यानं स्वतः सेक्रेटरींना होकार देऊन टाकला होता. किल्ली उचलायला तो वाकला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपणही मध्येच श्वास घेतोय.

कान हेच त्याच्या पोटापाण्याचं साधन. रेडिओ केंद्रावर, खिडकी नसलेल्या एका खोलीत बसून लोकांचे आवाज साफ करायचे, हे त्याचं काम. लोक खोकतात, अडखळतात, खुर्च्या करकरवतात, "म्हणजे" हा शब्द दहा वेळा म्हणतात, ते सगळं काढायचं. पडद्यावर आवाज डोंगररांगेसारखा पसरलेला असतो आणि दोन डोंगरांच्या मध्ये जे बारीक गवत दिसतं ते श्वास असतात. नवशिका माणूस श्वास सरळ कापतो, मग ऐकणाऱ्याला उगाच गुदमरल्यासारखं होतं आणि का होतंय ते कळत नाही. मुरलेला माणूस श्वास कापून तिथं रिकाम्या खोलीचा आवाज लावतो. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो, प्रत्येक खोलीचा वेगळा. त्यासाठी मुलाखत घेणारा शेवटी थोडा वेळ सगळ्यांना गप्प बसवून नुसती खोली ध्वनिमुद्रित करून आणतो. ते ठिगळ असं बसवायचं की शिवण दिसता कामा नये. यात त्याचा हात धरणारं केंद्रावर कोणी नव्हतं, आणि तो अभिमान त्याला होताच. तर अशीच एक मुलाखत त्याच्याकडं आली होती, बिननावाची, बिनचेहऱ्याची. आपली कहाणी स्वतःच्या तोंडानं सांगणाऱ्या माणसांचा एक कार्यक्रम निर्मातीबाई करत होत्या. दारुडा, तुरुंगातून आलेला, असे होऊन गेले, आता इस्पितळातली बाई होती. पहिल्या दिवशी त्यानं कपाळाला आठ्या घालूनच हेडफोन चढवले होते. पण ती सांगायला लागली, शिवणाच्या मशिनवर बसलेली असताना कोणीतरी रडतंय असं पहिल्यांदा कधी वाटलं; मग घरभर शोधलं, मग शेजारी, मग गच्चीवर; आणि रडणं पाण्याच्या टाकीतून येतंय अशी खात्री पटून तिनं झाकण उघडलं तेव्हा खाली जमलेल्या लोकांना वाटलं ही उडी मारतेय. "मला तर कोणालातरी बाहेर काढायचं होतं," ती म्हणाली, आणि त्यानं काम थांबवून ते वाक्य पुन्हा ऐकलं. मग इस्पितळ. भेटीच्या दिवशी सगळ्याजणी सकाळपासून केस विंचरून बसायच्या आणि संध्याकाळी ज्यांचं कोणी आलं नाही त्या एकमेकींचे केस पुन्हा सोडायच्या. एकदा तिचा भाऊ आला, बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसला आणि आत न येताच गेला. तिनं ते वरच्या खिडकीतून पाहिलं होतं. "डॉक्टर विचारायचे, देशाचा प्रमुख कोण? मी म्हटलं, मला ते माहीत आहेत हो, मीच त्यांना माहीत नाही." यावर तो बंद खोलीत एकटाच मोठ्यानं हसला होता. त्या हसण्याची आता त्याला भीती वाटायला लागली.

घरी आला तर बायको मुलीच्या वह्यांना कव्हर घालत बसली होती. मुलगी यंदाच शाळेत जायला लागलेली. कव्हर नीट बसतंय की नाही हे ती आईच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "सेक्रेटरीकाका आले होते," बायको वर न बघता म्हणाली. "म्हणाले, रविवारी तू बोल. तुझं ऐकतात सगळे, रेडिओतला माणूस म्हणून." तो म्हणाला, "मी काय बोलणार? मी तर बोलणाऱ्यांना कापणारा." "थट्टा पुरे. तू बोलायचंस. आपल्याला पोरगी आहे. काल ती बाई जिन्यात हिच्याकडं बघून हसली." "हसली तर काय झालं?" बायकोनं कात्री खाली ठेवली. एरवी त्याची बायको कोणाच्या अध्यात ना मध्यात, मोलकरणीला आवाज चढवून बोलायचं तिच्या जिवावर यायचं. पण या एका बाबतीत तिच्या अंगात काहीतरी संचारलं होतं. साऱ्या इमारतीत तीच सगळ्यांत पुढं होती. "तुला नाही कळायचं," ती म्हणाली. "ती माणसं बाहेरून चांगलीच दिसतात. आतलं कोणाला दिसतं?" तिचा आवाज शेवटी पातळ झाला आणि तुटला, आणि सवयीनं त्यानं मनातल्या मनात तिथं खूण केली, इथं जोड द्यावा लागेल. मग त्याला वाटलं, हिला सांगावं. सांगावं, की मी त्या बाईला ओळखतो, तिचा भाऊ कुठल्या बाकावर बसला होता तेसुद्धा मला माहीत आहे. पण मुलगी समोर होती, आणि खरं सांगायचं तर तो घाबरला. बायकोला घाबरला, की दुसऱ्या मजल्याला, हे त्यालाही धड कळलं नाही.

मधले दिवस वाईट गेले. रात्रीची झोप नीट होती, जेवण नीट होतं, पण कानांचं काहीतरी बिनसलं. लिफ्टच्या घरघरीत, नळाच्या पाइपात, बसमध्ये पुढं बसलेल्या माणसाच्या घोरण्यात त्याला तो अवेळी घेतलेला श्वास ऐकू यायचा. एकदा कामावर जाताना त्याला लहानपणची गच्ची आठवली. तापलेली फरशी, टाकीचं गंजकं झाकण, झाकणाला लावलेला हात आणि आतून येणारा गार, शेवाळी वास. आठवण इतकी स्पष्ट होती की त्यानं तळहात बघितला. मग चालता चालता त्याचे पाय थांबले, कारण लहानपणी तो बैठ्या घरात राहत होता, त्याला गच्ची नव्हतीच. दुसऱ्याची आठवण आपल्यात शिरली होती, आणि ती कुठून शिरली, कधी शिरली, आणखी काय काय शिरलं, याचा काही पत्ता लागत नव्हता. असले आजार लागत नाहीत हे तो शिकल्यासवरल्या माणसासारखा चारचौघांत सांगत असे. पण लागतच नसतील तर हे काय होतं? मागून कोणीतरी त्याला धडकलं आणि "रस्त्यात काय पुतळा होऊन उभे राहता" असं म्हणून पुढं गेलं. त्या दिवशी त्यानं कामात मन घालण्यासाठी मुलाखत शेवटापर्यंत पुन्हा ऐकली, आणि जिथं शिवण होती तिथं त्याचा कान अडकला. बाहेरच्या कोणाला ती ऐकू आली नसती. शेवटाच्या जरा आधी बाई म्हणाली होती, "अजूनही ऐकू येतं कधी कधी. आता मी उठत नाही, इतकंच." पहिल्यांदा ते ऐकताना निर्मातीबाई त्याच्या मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे काढ रे. इथपर्यंत ऐकणारा माणूस तिच्या बाजूला आलेला असतो, त्याला कशाला परत घाबरवायचं? तिच्याच भल्याचं आहे." त्याला ते पटलं होतं. आत्ताही पटत होतं. त्यानं वाक्य काढून तिथं रिकाम्या खोलीचा तुकडा लावला होता, आणि काम इतकं बेमालूम झालं होतं की निर्मातीबाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

तेव्हाच त्याचं ठरलं. तो सभेत बोलणार नव्हता, तो हे ऐकवणार होता. आपल्याला एका महिन्यात जे झालं ते लोकांना अर्ध्या तासात होईल, ही त्याची खात्री होती. गोष्ट ऐकल्यावर माणूस मूळचा राहत नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? तिला विचारावं हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. रोज ज्याच्या आवाजाशी आपण खेळतो त्या माणसाला एक तोंड असतं आणि त्या तोंडाला काही विचारता येतं, हे त्या धंद्यातली माणसं हटकून विसरतात. रविवारी संध्याकाळी तळमजल्यावर, गाड्या काढून केलेल्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, असं कोणी न सांगता झालं होतं. मुलीला वरच्या आजींकडं ठेवून बायको पहिल्या रांगेत बसली होती. सेक्रेटरी घसा साफ करत होते. एवढ्यात जिन्यावरून ती बाई उतरली आणि सगळ्यांत मागच्या खुर्चीवर येऊन बसली. सभा इमारतीची, ती इमारतीत राहणारी. येऊ नका असं तिला कोणी सांगितलं नव्हतं, कारण तिच्याशी बोलायचं कोणी म्हणून सगळ्यांनीच ते एकमेकांवर ढकललं होतं. खुर्च्यांवर एक चुळबुळ झाली आणि थांबली. आता हे ऐकवू नये, असं त्याला क्षणभर वाटलं. पण सेक्रेटरींनी "हं, बोला तुम्ही" म्हणून त्याच्याकडं हात केला होता. तो उठला, म्हणाला, "मी बोलत नाही. आमच्या इथं एक मुलाखत झालीय, ती सगळ्यांनी आधी ऐका," आणि बरोबर आणलेल्या स्पीकरचं बटण दाबलं.

तिनं पहिल्याच वाक्याला मान वर केली. त्यानं तिच्याकडं बघायचं टाळलं. तो लोकांचे चेहरे बघत राहिला. आधी कंटाळा, मग कोणीतरी पंखा बंद करायला सांगितलं, मग कोणीही काही सांगेना. देशाच्या प्रमुखाच्या जागी सगळे हसले. भावाच्या बाकापाशी पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि चष्मेवाल्या काकांनी चष्मा काढून उगाच पुसला. फक्त त्याची बायको ताठ बसली होती, हात मांडीखाली घेऊन, थंडी वाजत असल्यासारखी. शेवट आला. वाक्य जिथं असायला हवं होतं तिथं रिकामी खोली वाजून गेली, कोणालाही कळलं नाही. "काय बाई सोसलं हिनं," वहिनी म्हणाल्या. "अशी कोणी शेजारी आली तर मी पाठच्या बहिणीसारखी वागवीन." सेक्रेटरींनी चाचरत मागच्या खुर्चीकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ते ठीक आहे, पण मुलाखतीतली बाई वेगळी, आणि आपला प्रश्न वेगळा." मागून आवाज आला, "वेगळी नाही. मीच आहे ती." मध्ये श्वास होता. सगळ्या माना वळल्या. वहिनींचा पदर तोंडापाशी तसाच राहिला, आणि त्या चेहऱ्यांवर त्याला जे हवं होतं ते त्यानं पाहिलं; लाज, नवल, थोडीशी माया. जिंकलो, असं त्याला वाटलंसुद्धा. पण ती बाई आता उठून उभी राहिली होती. ती त्याच्याकडं बघत होती. "तुम्ही लावलंत ते? चांगलं केलंय. मी एवढं सरळ बोलत नाही. पण माझं एक वाक्य राहिलं त्यात." नको, असं त्यानं डोळ्यांनी विनवून पाहिलं. खोली हवी ना, राहायचंय ना, मग नको. ती म्हणाली, "मी म्हणाले होते, अजूनही ऐकू येतं कधी कधी. आता मी उठत नाही, इतकंच."

नंतरची शांतता त्याच्या धंद्यातली नव्हती. तिच्यावर कुठलं ठिगळ लावावं ते त्याला सुचेना. सेक्रेटरी सावकाश म्हणाले, "म्हणजे तुम्ही बऱ्या झालेल्या नाहीत." "बरी म्हणजे नक्की किती, ते मला कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "गोळी घेते. शिवणकाम करते. झोपते." "पण उद्या उठलात तर?" हा प्रश्न कोणी विचारला ते कळलं नाही; सगळ्यांच्याच मनातून तो निघाला असावा. मऊ झालेले चेहरे पुन्हा आवळायला लागले होते. तेवढ्यात त्याची बायको उभी राहिली, आणि पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी सुटकेचा निःश्वास टाकला. आता ही काय ते एकदाचं सुनावणार. ती मागं वळली. "लहान मूल रडतं का?" तिनं विचारलं. बाई म्हणाली, "हो." "एकसारखं नाही. थांबून थांबून. आणि उठून बघावं तर ते गाढ झोपलेलं." बाई तिच्याकडं बघत हळू म्हणाली, "माझ्याकडं मूल नव्हतं, ताई." बायको म्हणाली, "माझ्याकडं होतं."

तो उभा होता तिथून त्याला तिची पाठ दिसत होती, आणि पाठीमागं आठवणीतली एक खोली. मुलगी महिन्याची असेल नसेल. तो तेव्हा रात्रीचं काम घरी आणायचा, टेबलाशी कानांवर हेडफोन चढवून बसायचा, आणि बायको पाळण्याशी उभी असायची. बसलेली त्याला आठवेना, उभीच. एकदा तिनं त्याच्या खांद्याला हात लावला होता. त्यानं एका कानावरचं काढून विचारलं, काय? ती म्हणाली, तुला ऐकू आलं का? त्यानं विचारलं, काय? ती म्हणाली, काही नाही. मग तिची आई राहायला आली, मग ती आईबरोबर माहेरी गेली, अशक्तपणा आहे म्हणाली, आणि त्यानं ते जसंच्या तसं घेतलं होतं, कारण अशक्तपणा हा एक बरा शब्द आहे. "चार-पाच महिने होतं," ती आता सांगत होती, सभेला की त्या बाईला कळत नव्हतं. "आईनं लांबच्या डॉक्टरकडं नेलं, इथं कोणाला कळू नये म्हणून. एकदा मला वाटलं, रडणं थांबवायचं तर..." इथं ती थांबली. खुर्चीचा पाय फरशीवर करकरला. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी, ज्या पाठच्या बहिणीसारखं वागवणार होत्या त्यांनीच, आपली खुर्ची वीतभर बाजूला घेतली होती. मुद्दाम घेतली असंही नाही. हात जसा चटका बसताच मागं येतो तशी ती गेली. मागच्या रांगेतली ती बाई निघाली, खुर्च्यांमधून वाट काढत आली आणि त्या वीतभर जागेत उभी राहिली. "थांबवायचं तर काय वाटलं?" तिनं विचारलं. "सांगा. सांगितलेलं बरं असतं." बायकोनं मान हलवली, नाही म्हणून, आणि तरी सांगितलं. हळू सांगितलं. पुढच्या दोन रांगांनाच ते ऐकू गेलं असेल. चष्मेवाले काका खाली बघत होते. कोणी उठून गेलं नाही, हे मात्र खरं. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "खोलीचं राहू दे आता. ज्यांना राहायचंय ते राहतील," आणि स्वतःच खुर्च्या एकात एक घालायला लागले.

नवराबायको जिना चढायला लागले. ती पुढं होती. दुसऱ्या मजल्यावरचं दार लागल्याचा आवाज मागून आला. वरच्या आजींनी दार उघडताच मुलगी धावत बाहेर आली, हात पसरून, नेहमीसारखी आईकडं, आणि मध्येच त्यानं तिला उचललं. का उचललं ते त्याला कळायच्या आधी ती त्याच्या खांद्यावर होती आणि त्याचा हात तिच्या पाठीवर घट्ट आवळलेला होता. बायको दोन पायऱ्या खाली उभी राहून बघत होती. महिनाभर एका परक्या बाईची कहाणी ऐकून त्याच्यातलं काय काय विरघळलं होतं, त्याला किती अभिमान होता त्याचा; आणि घरातल्या बाईचं एक वाक्य ऐकलं तर हात आपोआप पुढं गेला होता. त्या वहिनींना त्याला नावं ठेवता येणार नव्हती. "बघितलंस?" ती म्हणाली. रागावून नाही. "याच्यासाठीच नव्हतं सांगितलं."

त्याला तिची भीती वाटत होती. ते त्यानं स्वतःशी लपवलं नाही. इतक्या वर्षांच्या ओळखीचा तो चेहरा त्याला जिन्यातल्या पिवळ्या उजेडात अनोळखी दिसत होता. मुलगी हात पुढं करून "आई, आई" करत होती. त्यानं दोन पायऱ्या उतरून तिला आईकडं दिलं. देताना त्याची पकड लगेच सुटली नाही, आणि ते तिला दिसलं. तिनं मुलीला घेतलं, तिचे केस मागं सारले, आणि तिथंच पायरीवर बसली. तोही बसला, तिच्या खालच्या पायरीवर, तिचं तोंड दिसेल असा.

"पहिल्यापासून सांग," तो म्हणाला.

मुलगी मांडीत चुळबुळत होती, खालून खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता. मग बायको म्हणाली, "तू टेबलाशी बसलेला होतास," आणि सांगायला लागली.